काचेवरची हळद

भैयाजींवर आळ आला तो सोमवारी सकाळी, विभागाच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत. आळ घेणारे आमचे सर होते, माझे पीएचडीचे मार्गदर्शक. हळद माझी होती. मी तिथेच दाराशी, हातमोजे घातलेले हात छातीशी धरून उभी होते आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

हे आधीच सांगून टाकते. मला आडून आडून बोलता येत नाही. घरात माझ्या फटकळपणाची ख्याती आहे. रिक्षावाल्याशी, बँकेतल्या बाबूशी, सख्ख्या मामाशी मी भांडलेली आहे. आणि नेमकी त्या दिवशी, जेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, तेव्हा ही फटकळ बाई मुकी झाली.

मी तेव्हा झाशीतच पीएचडी करत होते. आमचं कुटुंब इथे पिढ्यानपिढ्या राहिलेलं. पूर्वज पूजाअर्चेसाठी आले ते परत गेलेच नाहीत. घर नगरा मोहल्ल्यात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. माझं काम होतं काचेच्या एका तुकड्यावर तीन रंगांचा उजेड पाडायचं. तसल्या पडद्यांचे फोन बाजारात नुकते दिसायला लागले होते. बल्ब नाही, मागे दिवा नाही. रंगाचा थरच वीज मिळाली की स्वतः उजळतो. लाल पट्टी, शेजारी हिरवी, शेजारी निळी, आगपेटीएवढ्या एका काचेवर. ऐकायला सोपं वाटतं ना? चार वर्षं गेली होती माझी त्यात. एकेक रंग वेगळ्या काचेवर पेटायचा. तिन्ही एकाच काचेवर म्हटलं की घोडं पेंड खायचं.

मला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसरी मिळणार नव्हती. गुरुवारी समिती येणार होती, बाहेरचे दोन तज्ज्ञ आणि आमचे विभागप्रमुख. त्यांच्यासमोर काच पेटली तर प्रबंध लिहायची परवानगी, नाही तर नाव कमी. सरांनी मला एवढं साध्या शब्दांत सांगितलं होतं.

काच कशी बनायची ते थोडक्यात सांगते. स्टीलचं एक जाडजूड पिंप, त्याला आम्ही चेंबर म्हणायचो. वर झाकण, समोर बांगडीएवढी काचेची खिडकी. पंप लावून आतली हवा काढून टाकायची. तळाशी धातूच्या चिमुकल्या वाट्यांमध्ये रंगाची पूड. तिला तापवलं की तिची वाफ वर जाऊन पालथ्या टांगलेल्या काचेवर बसते. थर इतका पातळ की केसाच्या जाडीत तसे शेकडो मावतील. काचेला चिकटून एक पातळ पोलादी पत्रा, त्यात बारीक फटी. तो मास्क. आधी लाल पूड फटींतून काचेवर बसवायची, मग मास्क एक पट्टी सरकवून हिरवी, पुन्हा सरकवून निळी. मधे चेंबर उघडायचा नाही, हवा लागली की रंग गेले. म्हणून बाहेर एक पितळी मूठ होती. ती फिरवली की आत मास्क सरकायचा. जास्त सरकला तर निळा हिरव्यावर चढतो, कमी सरकला तर मधे फट राहते.

ती मूठ फिरवणं फक्त भैयाजींना जमायचं.

भैयाजी आमचे तंत्रज्ञ. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बुंदेलखंडाचेच. चौदा वर्षं त्या चेंबरजवळ काढलेली. त्या मुठीचा स्क्रू झिजलेला होता. मूठ फिरायची पण आतला पत्रा जरा वेळाने हलायचा. भैयाजी ती आधी मुद्दाम पुढे नेत, मग बरीच मागे आणत, मग डोळे मिटून हळूहळू पुन्हा पुढे. 'अब पकड़ी,' म्हणायचे आणि थांबायचे. पत्रा बरोबर जागेवर. मला ते 'ताई' म्हणत. एकदा आमच्या घरी आले असताना माझा भाऊ मला तशी हाक मारतो हे ऐकून त्यांनी तोच शब्द उचलला. रोज सकाळी लक्ष्मी तलावाकाठच्या देवळात देवीचं दर्शन घेऊन येत, कपाळावर चंदन आणि हळदीचा पिवळाजर्द टिळा.

आता माझी हळद. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. वडिलांची सायकल, आईची विळी, शिवणयंत्र, कात्री, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या वर्षी आई मागे लागली, "तुझं हत्यार कोणतं? ते पिंपच ना? मग त्याला नको का हात जोडायला? चार वर्षं रडवतंय ते!" मी हसले, पण खरं सांगते, आतून मला ते पटलं. भौतिकशास्त्र शिकलेली बाई, पण मुदत संपत आली की माणूस काहीही करतं. नवमीला सुट्टी होती. किल्ली माझ्याकडे असायची. मी करंडा पर्समध्ये टाकून गेले आणि चेंबरच्या झाकणाला हळदीचं एक बोट ओढलं. कुंकू नाही लावलं, डाग राहील म्हणून. नमस्कार केला आणि कागदाने पुसून टाकलं. पुसलं असं मला वाटलं. झाकणाच्या कडेला रबराची कडी बसते, तिच्या खोबणीत हळद जाऊन बसली होती.

दसऱ्यानंतर शनिवारी आम्ही काच केली. मी झाकण उघडलं आणि त्याच हातमोज्यांनी मास्क धरला. सोमवारी वीज दिली. लाल क्षणभर पेटली, एक ठिणगी, काळं. हिरवी पेटलीच नाही. निळी अर्धी पेटून विझली. निळी पूड दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने मेहेरबानी म्हणून पाठवलेली, दोनच खेपांची. एक खेप ही गेली.

सरांनी काच अतिनील दिव्याखाली धरली. पट्ट्या आपापल्या रंगात चमकल्या, आणि त्यांच्यावर राईहून बारीक पिवळट-हिरवे ठिपके. त्यांनी पांढरा कागद घेतला, झाकणाच्या खोबणीतून फिरवला. कागदावर पिवळी रेघ. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि पिवळ्याचं लाल झालं. आता कुठल्या घरात हे माहीत नसतं? आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला की असंच होतं.

"हळद," सर म्हणाले. आणि त्यांनी मान वर करून भैयाजींच्या कपाळाकडे पाहिलं.

मग व्हरांडा. सरांचे वडील फौजी होते, जवळच्या बबीन्याच्या छावणीत; आवाज तिथला. "पूजा-पाठ घर पे किया कीजिए! चार साल की मेहनत मिट्टी में मिला दी आपने!" विभागप्रमुख बाहेर आले, ऑफिसातले दोन बाबू आले, एमएस्सीची मुलं जिन्यावर थबकली. भैयाजी म्हणाले, "सर, मैं तो हाथ धोके ही छूता हूँ।" सर म्हणाले, "और माथा? माथा भी धोते हैं?" कोणीतरी हसलं. भैयाजींनी खिशातून रुमाल काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, कपाळ पुसलं. दोनदा पुसलं.

"आज से आप चेंबर को हाथ नहीं लगाएँगे," सर म्हणाले.

मी का नाही बोलले? भीती वाटली, दुसरं काय! गुरुवारी समिती. जिने यंत्राला हळद फासली तिला पीएचडी द्यायची का, असं कोणी विचारलं असतं तर? आणि शरम. मी मनाशी म्हटलं, ते मोठे आहेत, जुने आहेत, ओरडा खाऊन विसरतील. संध्याकाळपर्यंत एका बाबूने त्यांना 'हल्दीवाले' म्हणायला सुरुवात केली होती. चहाच्या वेळी ऐकलं मी. भैयाजी कप घेऊन निघून गेले.

मंगळवार मी मुठीवर काढला. साध्या काचा लावून, स्वस्तातली पूड वापरून, पट्टी सरकवायचा सराव. पहिल्यांदा दोन पट्ट्या एकमेकींवर. दुसऱ्यांदा मधे एवढी फट की बोट मावेल. तिसऱ्यांदा मूठ पूर्ण फिरली आणि पत्रा हललाच नाही. मी मुठीला लाथ घातली. अंगठा ठणकला तो ठणकलाच. भैयाजी कोपऱ्यात बसून पंपाची नळी पुसत होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा नळी पुसू लागले. शेवटची निळी पूड माझ्या हाताने वाया जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

घरी आईने विचारलं, "काय गं, पूजा केल्यावर नीट चालतंय ना पिंप?" मी जी सुटले! पूजा, करंडा, तिचे सगळे सणवार, भैयाजींनी खाल्लेला ओरडा, सगळं काढलं. आईने शांतपणे पोळी उलटली. मी दमून थांबले तेव्हा म्हणाली, "झालं? हळद मी सांगितली, ओढलीस तू, शिव्या त्या बिचाऱ्याला. उद्या जाऊन सांग. नाही तर इथे माझ्यावर तोंड सोडू नकोस."

बुधवारी सकाळी मी सांगितलं. पण कसं, तेही सांगते.

झाशीतल्या आम्हा मराठी घरांची एक जुनी खोड आहे. चारचौघांत खासगी बोलायचं झालं की मराठी. आई भाजीवाल्यासमोर गोड हसत मला म्हणते, "वांगी किडकी आहेत, पुढे चल," आणि तोही हसतो. मराठी म्हणजे आमचं खिशातलं घर. कुठेही उघडलं आणि आत शिरलं. सरही इथल्याच मराठी घरातले; ते आणि मी प्रयोगशाळेत तसंच करायचो. विभागप्रमुख कसे घुम्मे आहेत, तो बाबू किती चोंबडा आहे, सगळं मराठीत, सगळ्यांच्या समोर. भैयाजींच्या समोरसुद्धा. भैयाजींबद्दलसुद्धा.

तर मी सरांना मराठीतच म्हटलं, "सर, ती हळद माझी होती. खंडेनवमीला मी झाकणाला लावली होती. भैयाजींचा काही दोष नाही." भैयाजी चार हातांवर फडक्याने टेबल पुसत होते.

सर एकदम खाली बसले. चष्मा काढला. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ते हळू आवाजात म्हणाले, "हे आता बोललीस ते बोललीस. गुरुवारपर्यंत गप्प बैस. समितीत हे गेलं तर तुझं तर वाटोळं, माझंही हसू. राहू दे त्यांच्याच नावावर. मी त्यांना माफ केलं म्हणतो, मूठ परत त्यांच्या हातात देतो. आपलं काम होण्याशी मतलब."

आणि मी मान डोलावली. अगदी खरं सांगते, मला हायसं वाटलं.

सर वळले, आवाज मोठा करून म्हणाले, "चलिए भैयाजी, गलती सबसे होती है। माफ़ किया। चेंबर सँभालिए।"

भैयाजींनी फडक्याची घडी करून ठेवली. म्हणाले, "सर, माफी कशाची?"

मराठीत. बुंदेली हेल, पण मराठीच.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं झालं. चार वर्षं! चार वर्षं हा माणूस आमचं ऐकत होता. 'यांच्या हाताला वेग म्हणून नाही' हे मी बोललेलं. 'काम येतं पण डोकं नाही' हे सर बोललेले. त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाची आम्ही दोघांनी उडवलेली टर, त्यांनीच आणलेले लाडू खाता खाता. सगळं मला एकाच वेळी आठवलं आणि कानशिलं तापली.

सर आपल्या खोलीत गेले आणि दार लावलं.

"ताई," भैयाजी म्हणाले, "सर ओरडले ते हिंदीत. बाहेर. सगळ्यांसमोर. तुम्ही पण बाहेर सांगा. हिंदीत." मोडकंतोडकं होतं, पण शब्दन् शब्द कळत होता. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, ते मला येतं.

मी म्हटलं, "सांगते भैयाजी. देवीची शपथ. फक्त गुरुवार जाऊ दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, कपाळही धुतलं. त्या दिवशी त्यांनी टिळा लावलेलाच नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. येऊन मुठीजवळच्या स्टुलावर बसले.

त्या दिवशीचे सहा तास अजून माझ्या अंगावर येतात. खोबणी मी स्पिरिटने तीनदा पुसली, हातमोजे चारदा बदलले. लाल चढली. मूठ पुढे, मागे, पुढे. हिरवी चढली. मग निळी. वाटीत नखाएवढी पूड, ती संपली की संपली. मी तापमान वाढवत होते आणि घाईत काटा दोनदा पुढे गेला. "ठहरिए," भैयाजी म्हणाले. मी थांबले. त्यांनी मूठ पुढे नेली. मागे आणली. डोळे मिटले. त्यांना वाटलं तर ते आत्ता, या क्षणी, मूठ केसभर जास्त फिरवू शकतात, आणि कोणी कधी सिद्ध करू शकणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर? मला माझं उत्तर माहीत होतं.

"अब पकड़ी," ते म्हणाले.

गुरुवारी काच पेटली. खोलीत पडदे ओढले, मी वीज दिली, आणि काळ्या फडक्यावर तीन रेघा उभ्या राहिल्या. लाल, हिरवी, निळी. कडा अशा की सुरीने कापल्यात. तज्ज्ञांपैकी एक बाई चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, "इतनी साफ़ लाइनें! मास्क किसने शिफ़्ट किया?"

सर माझ्याकडे न बघता, फक्त हात माझ्याकडे करून म्हणाले, "सब इन्होंने ख़ुद किया है।"

भैयाजी दाराशी उभे होते, पाण्याचा ट्रे घेऊन. विभागप्रमुख होते. चोंबडा बाबूही कागद घेऊन आला होता. व्हरांड्यातले जवळजवळ सगळे तिथे होते. यापेक्षा चांगली जागा आणि वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हटलं, "थैंक यू, मैडम।"

शुक्रवारी जाऊन सांगणार होते. शुक्रवारी विभागप्रमुख रजेवर. सोमवारी सर म्हणाले, अहवाल वर गेलाय, आता नसती उठाठेव नको. मग प्रबंध लिहायला घेतला. दरम्यान भैयाजींनी स्वतः अर्ज देऊन बदली मागून घेतली होती. वनस्पतिशास्त्राच्या भांडारात, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. मला हे बाबूकडून कळलं. "हल्दीवाले गए," तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले. ओरडून उपयोग काय? खरं काय ते तेव्हाही नाही सांगितलं.

प्रबंध दिला त्या दुपारी मात्र मी उठले. मनाशी पक्कं केलं, आज सांगायचंच. मोठ्याने, हिंदीत, लोकांसमोर, त्यांनी म्हटलं होतं अगदी तसं. तरातरा चालत भांडारात गेले. भैयाजी काचेच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. तिथे एक वयस्क भांडारपाल, दोन कारकून आणि एक प्राध्यापिका होत्या. भैयाजींच्या कपाळावर टिळा होता. मला बरं वाटलं.

मी दारातूनच सुरू केलं, थांबले तर राहून जाईल म्हणून. "भैयाजी, सबके सामने कह रही हूँ। चेंबर में हल्दी मैंने लगाई थी। आपकी कोई गलती नहीं थी। सर ने आपको बेवजह डाँटा, सबके सामने माथा पोंछना पड़ा आपको, और मैं चुप रही।" बोलताना रडू फुटलं. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं, खोटं कशाला सांगू?

सगळ्यांचे हात थांबले. भांडारपालाने चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग भैयाजींकडे पाहिलं. एक कारकून दुसऱ्याकडे वळून अर्धवट हसला. "हल्दी? कैसी हल्दी, भैयाजी? माथा काहे पोंछा?"

भैयाजींच्या हातातली चिठ्ठी बरणीवर वाकडी बसली. ती त्यांनी नखाने सोडवली, पुन्हा सरळ लावली. मग माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "यहाँ तो किसी को मालूम ही नहीं था, मैडम।"